फोटोंची घरगुती तिजोरी: नॅस घेण्यापूर्वी हे वाचा

‘स्टोरेज फुल’ हा मेसेज तुमच्या फोनवर शेवटचा कधी आला? बहुतेक याच आठवड्यात! मग आपण गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो, दोन-चार व्हिडिओ डिलीट करतो आणि विषय पुढच्या महिन्यावर ढकलतो.

आमच्या घरी हेच चालायचं. बाबांनी सगळे जुने फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकून ती कपाटात ठेवली होती. एका दिवाळीत साफसफाई करताना ती खाली पडली. आजोबांचा आवाज असलेला एकुलता एक व्हिडिओ तिच्यात होता. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. डिस्क आज ना उद्या बिघडणारच होती. चूक आमची होती, आम्ही एकच प्रत ठेवली होती.

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर अमर्याद फोटो मोफत ठेवण्याची सोय बंद झाली. आता फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी मोफत मिळतात. म्हणूनच अनेक कुटुंबं ‘नॅस’कडे वळताहेत. नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज (उच्चार नीट करा, ‘नास’ नव्हे!). ही एक छोटी पेटी असते. तिच्या आत हार्ड डिस्क बसवायच्या आणि पेटी केबलने राउटरला जोडायची. मग घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप वायफायवरून तिच्यात फोटो ठेवतात, टीव्ही तिच्यातला सिनेमा लावतो.

आधी हिशेब, मग खरेदी

प्रत्येकाच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओंनी किती जागा घेतली आहे ते बघा. समजा, चार फोनवर प्रत्येकी ६० जीबी, लॅपटॉपवर २०० जीबी आणि जुन्या डिस्कवर ५०० जीबी, म्हणजे एकूण ९४० जीबी. फोर-के व्हिडिओचं एक मिनिटच १७० ते ४०० एमबी खातं, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांची वाढ धरा. अशा घराला ४ टीबी पुरे. तुमची बेरीज २०० जीबीच्या आत असेल तर नॅसची गरजच नाही. पैसे भरून घेतलेलं क्लाउड स्टोरेज आणि एक एक्स्टर्नल डिस्क भागवेल.

दोन डिस्कची पेटी घ्या, पण गैरसमज नको

घरासाठी दोन डिस्कची पेटी सोयीची. ‘रेड १’ या पद्धतीत दोन्ही डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा ४ टीबीच मिळते, पण एक बिघडली तरी काम थांबत नाही. मात्र हा बॅकअप नव्हे! कुणी चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून जातं. पेटी चोरीला गेली किंवा घरात पाणी शिरलं तर दोन्ही डिस्क एकदमच जातात.

म्हणून ३-२-१ हा नियम लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. आम्ही तिसरी प्रत एका एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन, पासवर्ड लावून, बडोद्याला मावशीकडे ठेवली आहे. दर दिवाळीला डिस्कची अदलाबदल होते.

खरेदी करताना हे तपासा

● बहुतेक पेट्या डिस्कशिवाय विकल्या जातात. जाहिरातीतली किंमत पाहून खूश होऊ नका, दोन डिस्कचे पैसे धरूनच बजेट ठरवा.

● डिस्क ‘सीएमआर’ प्रकारची आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे बिघडलेली डिस्क बदलल्यावर सगळं पुन्हा लिहायला फार वेळ लागतो.

● राउटरचं पोर्ट गिगाबिट हवं. त्यावरून १ टीबी डेटा कॉपी व्हायला साधारण अडीच तास लागतात. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर तेच काम जवळपास एक दिवस चालतं.

● ‘स्नॅपशॉट’ची सोय आहे का ते विचारा. चुकून उडवलेली किंवा बदललेली फाइल त्यातून कालच्या रूपात परत मिळते.

● कंपनीचं फोटो अॅप आधी फोनवर टाकून बघा. आजीला ते वापरता आलं पाहिजे, नाहीतर पेटी शोभेची वस्तू होईल.

सिनेमासाठी महागडा प्रोसेसर हवा का?

तुमचा टीव्ही ती व्हिडिओ फाइल थेट चालवत असेल तर नॅसला फक्त ती पाठवायची असते, त्याला साधा प्रोसेसर पुरतो. फाइल चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावी लागणार असेल तरच ताकदवान प्रोसेसर लागतो. पेन ड्राइव्हवर तीच फाइल घेऊन टीव्हीला लावून बघा, उत्तर पाच मिनिटांत मिळेल.

वीज आणि सुरक्षा

दोन डिस्कची पेटी साधारण १५ ते २० वॅट वीज घेते, म्हणजे चोवीस तास चालू ठेवली तर महिन्याला ११ ते १५ युनिट. खरी भीती अचानक वीज जाण्याची. फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली तर डेटा खराब होऊ शकतो. छोटा यूपीएस घ्या, शक्यतो यूएसबीने नॅसला जोडता येणारा. म्हणजे बॅटरी संपत आली की पेटी स्वतःच नीट बंद होते.

दुसरी काळजी इंटरनेटची. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या हजारो नॅस पेट्यांमधल्या फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागितले होते. त्यामुळे बाहेरून वापरण्याची गरज नसेल तर ती सोय बंदच ठेवा. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या, टू-स्टेप लॉगिन चालू करा आणि अपडेट आलं की लगेच टाका.

शेवटी एक छोटी परीक्षा

सगळं बसवून झालं की एक बिनमहत्त्वाचा फोटो फोनवरून डिलीट करा आणि नॅसवरून परत आणून बघा. काही अॅप फोनवरचा फोटो उडवला की नॅसवरचाही उडवतात, ते याच वेळी कळेल. दर तीन महिन्यांनी ही परीक्षा पुन्हा घ्या.

आणि नॅस घ्यायला अजून वेळ असेल, तर एवढं आजच करा. ज्या व्हिडिओत घरातल्या मोठ्यांचा आवाज आहे, तो शोधा आणि त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. आम्हाला तेवढं सुचलं नव्हतं.