उडणारी गाय आणि गजा वादळ

नोव्हेंबर महिना म्हणजे तंजावरात भर पावसाचे दिवस. महाराष्ट्रातला पाऊस तोवर केव्हाच परतलेला असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. शाळेत वादळाचा धडा शिकवायचा असेल, तर याहून चांगला मुहूर्त नाही. धडा म्हटला की मुलं जांभया देतात, सिनेमा म्हटला की सरसावून बसतात. मग सिनेमाच दाखवा की!

अशा तासासाठी जगभरातले शिक्षक हमखास निवडतात तो 'ट्विस्टर'. हा १९९६ सालचा हॉलिवूडचा सिनेमा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात शास्त्रज्ञांची एक टोळी गाड्या घेऊन वादळाच्या मागे धावते, त्याच्या पोटात 'डोरोथी' नावाचं यंत्र सोडायला बघते. हे सगळंच काही काल्पनिक नाही. १९८० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी 'टोटो' नावाचा असाच एक यंत्र बसवलेला पिंप वादळाच्या वाटेवर ठेवून पाहिला होता. वादळ काही नेमकं त्याच्यावरून गेलं नाही, आणि पुढे तो नाद सोडून द्यावा लागला. सिनेमात मात्र यश येतं. मधेच एक गाय हंबरत गाडीसमोरून उडत जाते, तेव्हा वर्गात हशा पिकतो.

तो हशा ओसरला की सिनेमा थांबवा आणि विचारा, आपल्याकडे आलं होतं ते हेच वादळ का?

इथे आपली भाषाच थोडा घोटाळा करते. मराठीत सरसकट सगळ्यालाच 'चक्रीवादळ' म्हणायची सवय आहे. सिनेमातलं वादळ म्हणजे टोर्नेडो. दिसायला वावटळीसारखं, पण मोठ्या गडगडाटी ढगातून सोंडेसारखं खाली उतरणारं. रुंदी बहुधा काहीशे मीटर, आयुष्य काही मिनिटांचं. समुद्रावरून येतं ते चक्रीवादळ वेगळं. तमिळमध्ये त्याला 'पुयल' म्हणतात. ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, दिवसचे दिवस टिकतं, आणि जमिनीवरून बघणाऱ्याला त्याची सोंडबिंड काही दिसत नाही. दिसतं ते फक्त काळं आभाळ.

आता गजा वादळाकडे या. ११ नोव्हेंबर २०१८ ला त्याला नाव मिळालं. श्रीलंकेने सुचवलेलं, हत्तीवरून घेतलेलं. १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर ते नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्यामध्ये किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे होता. सिनेमातल्या सर्वांत मोठ्या टोर्नेडोचा वर्ग असा, की त्यात वारा ताशी ४०० च्याही वर जातो. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, की कुणीतरी म्हणणारच, 'म्हणजे आपलं गजा अगदीच किरकोळ!'

मग तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी भागातले लाखो माड कसे काय आडवे झाले? उत्तर मुलांनाच शोधू द्या. टोर्नेडो एका अरुंद पट्ट्यावरून मिनिटभरात निघून जातो. चक्रीवादळ तासन् तास घुसळत राहतं, तेही जिल्हेच्या जिल्हे व्यापून. त्यातून पावसाने माती भिजलेली, मुळं सैल झालेली. नुसता वेग पाहून वादळाची ताकद कळत नाही, हे या एका तुलनेतून जितकं पटतं तितकं पुस्तकातल्या व्याख्येतून पटायचं नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. माझ्या मते सगळ्या धड्यात हाच महत्त्वाचा. सिनेमात वादळ अचानक उगवतं आणि पळायला क्षणच हाती असतात. टोर्नेडोपुरतं ते खरंही आहे, आजही त्याची सूचना मिळते ती काही मिनिटं आधी. पण हेच डोक्यात बसलं, तर मूल समजणार की वादळ दिसलं की धावायचं. पुयलच्या बाबतीत दिसेपर्यंत थांबणं म्हणजे फार उशीर. गजाला नाव मिळालं त्या दिवसापासून हातात जवळजवळ पाच दिवस होते. ते येण्याआधी सत्तर हजारांहून अधिक लोकांना निवारा केंद्रांत हलवलं गेलं. तरीही चाळीसहून अधिक माणसं गेली, गुरं गेली, कोडियक्करैच्या अभयारण्यातली हरणं गेली. याच किनाऱ्यावर दक्षिणेला, २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री, धनुष्कोडीला जाणारी पॅसेंजर गाडी शंभराहून जास्त प्रवाशांसकट लाटांनी गिळली होती. मुलांना या दोन तारखा देऊन विचारा, मधल्या वर्षांत काय काय बदललं? उपग्रह, रडार, रेडिओ, मोबाइल, निवारा केंद्रं... यादी तीच करतील.

तिसरी गोष्ट जिवावर बेतणारी. 'ट्विस्टर'च्या शेवटी नायक-नायिका वादळाच्या पोटातून वर बघतात आणि सुखरूप राहतात, तेही चामडी पट्ट्यांनी स्वतःला नळाला बांधून! इथे जरूर हसा. मग कागदावर चक्रीवादळ काढा, मध्ये 'डोळा'. आपल्या गोलार्धात वारा त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. पूर्वेकडून वादळ येत असताना त्याच्या वाटेवरच्या गावात आधी वारा साधारण उत्तरेकडून झोडपतो. मग डोळा डोक्यावर येतो आणि सगळं शांत. संपलं म्हणून माणसं बाहेर पडतात, पत्रे उचलतात, गुरं पाहायला जातात. आणि मग वारा दक्षिणेकडून, उलट्या बाजूने, तितक्याच जोराने येतो. पहिल्या माऱ्यात खिळखिळं झालेलं दुसऱ्यात कोसळतं. वादळ सरल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत दाराबाहेर जायचं नाही, हे मुलांनी घरी आजी-आजोबांना चित्र काढून सांगावं. कोकणातल्या घरांनाही हे लागू आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडात कुणी विसरलेलं नाही.

वारा थांबला की सिनेमा संपतो. गजाची गोष्ट तिथून पुढे सुरू झाली. हजारो विजेचे खांब पडले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पंप बंद, म्हणून पाणी नाही. मोबाइल चार्ज होत नाही, म्हणून खबर नाही. पडलेले माड शेतातून उचलायलाच पैसे लागतात, आणि नव्या माडाला नारळ धरायला पाच-सात वर्षं जातात. हे कुठला सिनेमा दाखवणार? बाकी २०२३ चा मल्याळम सिनेमा '२०१८' त्यातल्या त्यात जवळचा. केरळच्या महापुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या आणून माणसं कशी वाचवली, ते त्यात आहे. मोठ्या मुलांना मी 'ट्विस्टर'नंतर तोच दाखवीन.

लहानांच्या बाबतीत जरा जपून. 'ट्विस्टर'च्या सुरुवातीलाच एका चिमुरडीचे वडील तिच्यादेखत वादळात ओढले जातात. दहा वर्षांखालच्या मुलांना तो प्रसंग वगळूनच दाखवा. वर्गात कुणाचं घर खरोखर वादळात गेलं असेल, तर आधी त्या मुलाशी एकट्याने बोला. बघायचं नसेल तर त्याला दुसरं काम द्या, सगळ्यांसमोर कारण विचारू नका. आणि अख्खा सिनेमा सलग लावू नका. पंधरा मिनिटं दाखवायचा, थांबायचं, एकच प्रश्न.

घरचा अभ्यास मात्र सगळ्यांना सारखा. बंगालच्या उपसागराचा कोरा नकाशा घ्यायचा. यापुढे वादळाची बातमी आली, की हवामान खात्याच्या पत्रकातले अक्षांश-रेखांश वाचून रोज सकाळ-संध्याकाळ एकेक टिंब मांडायचं. टिंबं आपल्या बाजूला सरकायला लागली, की घरात पाणी भरून ठेवायचं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, फोन चार्ज करायचे आणि गुरांच्या गळ्यातली दावी सोडायची. रेडिओतले सेल चालतात का, तेही त्याच दिवशी बघायचं.