टक्के सांगता, मग गावंही सांगा

‘धोका निम्म्यावर!’ औषध कंपनीच्या एमआरच्या चकचकीत पत्रकावर असणारी ही ओळ हल्ली थेट डॉक्टरांच्या मोबाइलवर येऊन पडते. खाली एखाद्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाचं नाव असतं. हजारात दोघांना होणारा त्रास एकालाच झाला, तरी धोका निम्म्यावर येतो. पण निम्मा कशाचा, ते पत्रकात नसतं. गडचिरोलीतल्या कोरची किंवा चंद्रपूरमधल्या जिवतीकडच्या आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर, बाहेर ओपीडीची रांग लागलेली असताना, मूळ निबंध कधी शोधणार आणि कधी वाचणार? त्याच्यापुरतं ती एक ओळ म्हणजेच संशोधन. तिच्या भरवशावर लिहिलेल्या महागड्या औषधाचे पैसे रुग्णाच्या तेंदूपत्त्याच्या मजुरीतून जातात, म्हणून मला या ओळीचा राग येतो.

खरं तर संशोधन कसं सांगावं, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत बालमृत्यूवर काम सुरू केलं, तेव्हा लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा कसा, हा प्रश्न होता. आकडेमोडीचा सराव नसलेल्या दाईसाठी त्यांनी मण्यांचं एक साधन केलं. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी लाल मणी सहावा, त्याहून मोठ्यासाठी पाचवा. त्यामागचं शास्त्र दाईच्या बोटांखाली होतं. बाळाच्या आईलाही ते डोळ्यांनी पाहता येत होतं.

पुढे डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचा निबंध आला. त्यातला ‘62 टक्के घट’ हा आकडा जगभर गेला. जाहिरातवाल्याने तेवढाच उचलला असता. निबंधात मात्र बाकीचंही आहे. ज्या 39 गावांत काम झालं, तिथे हजार जन्मांमागे नवजात मृत्यू 62 होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत ते 58 च्या आसपास होते आणि 60 च्या आसपासच राहिले. ही 47 गावं समोर असल्यामुळेच घट कामामुळे झाली, असं म्हणता येतं. नाहीतर रस्ते झाले, पाऊस बरा झाला, म्हणूनही मृत्यू घटले असतील, असं कोणीही म्हणालं असतं.

आणि इतकी नेकीने मांडलेली गोष्टही प्रचारात कशी झिजते, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2011 पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत सहा भेटी, त्याचे 250 रुपये. योजना मोलाची आहे, आशाताई तर त्याहून. पण गडचिरोलीच्या त्या प्रयोगात गावातली आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत होती, तिच्या कामावर नियमित देखरेख होती. आशाताईंच्या हाती ते इंजेक्शन दिलेलं नाही. तेव्हा कुणी योजनेच्या भाषणात ‘62 टक्के’ म्हणालं, तर तो आकडा वेगळ्याच कामाचा आहे, हे सभेत उठून सांगायला हवं.

औषध कंपन्यांसाठी मार्च 2024 मध्ये केंद्राने नवी संहिता काढली. ‘सुरक्षित’ हा शब्द अटी न सांगता वापरू नये, असं तीत आहे. तोच कडकपणा टक्क्यांना लावा. टक्क्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मूळ संख्या आणि तुलनेच्या गटाचं काय झालं ते छापा, पैसा कुणी दिला तेही लिहा. 15 जून 2009 पासून आपल्याकडे क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणं सक्तीचं आहे. तो नोंदणी क्रमांक पत्रकावर टाकायला कंपनीला एक ओळ पुरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पुढच्या मासिक बैठकीत एवढंच ठरवावं: ज्या पत्रकावर हे नाही, ते टेबलावर ठेवून घ्यायचं नाही.