औषध विरघळते कशात?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. सर्दी-तापासाठी त्यांना 'कोल्ड्रिफ' हे सिरप दिलेले होते. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणावे लागले. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने या सिरपची तपासणी केली, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. परवानगी जास्तीत जास्त ०.१ टक्क्याची आहे. उत्पादकाला अटक झाली, परवाना रद्द झाला. पण सर्दीच्या औषधात हे रसायन शिरतेच कसे, याचे उत्तर औषध विरघळण्याच्या प्रक्रियेत दडलेले आहे.

या सिरपमधले एक औषध होते पॅरासिटामॉल. त्याच्या भुकटीत रेणू एकमेकांना धरून असतात. एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील ही ओढ म्हणजे हायड्रोजन बंध. औषध विरघळते, तेव्हा द्रावकाचे रेणू ही पकड सोडवून औषधाच्या रेणूंना आपल्याकडे ओढून घेतात. पाण्याला हे थोडेच जमते. कारण पॅरासिटामॉलच्या रेणूचा काही भाग पाण्याशी फारसा जुळत नाही. खोलीच्या तापमानाला पाच मिलिलिटर पाण्यात जेमतेम ७० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल विरघळते. मुलांच्या अनेक औषधांत मात्र तेवढ्याच मापात १२५ मिलिग्रॅम असते. म्हणूनच काही बाटल्यांवर 'हलवून घ्या' असे लिहिलेले असते. एकजीव, पारदर्शक सिरप हवे असेल, तर पाण्याच्या जोडीला दुसरा द्रावक लागतो.

तो द्रावक बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन असतो. त्यांचे रेणू एका अंगाने पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात आणि दुसऱ्या अंगाने औषधालाही सांभाळून घेतात. अडचण अशी, की डायएथिलीन ग्लायकॉलही हेच काम तितक्याच सफाईने करते. तेही रंगहीन, दाट आणि गोडसर. शिवाय स्वस्त. औषध विरघळवणाऱ्या बलांना विषारी द्रावक आणि सुरक्षित द्रावक यांतला फरक कळत नाही. नजरेला, नाकाला आणि जिभेलाही तो कळत नाही. तो कळतो फक्त प्रयोगशाळेत.

हा धडा जुना आहे. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइड हे पाण्यात नीट न विरघळणारे औषध एका कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले. शंभरहून अधिक माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषध सुरक्षेचा कडक कायदा आला. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यामागची बेपर्वाई चव्हाट्यावर आणली. गांबियात २०२२ साली सुमारे ७० मुले दगावली. तिथल्या संशयित सिरपांवर भारतीय उत्पादकाचे नाव होते.

पोटात गेल्यावर यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर डायएथिलीन ग्लायकॉलला आपल्या खाचेत धरते आणि त्याचे रूपांतर सुरू होते. त्यातून पुढे बनणारे डायग्लायकोलिक आम्ल मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी मारते. फोमेपिझोल हा उतारा नेमकी तीच खाच अधिक घट्टपणे अडवून बसतो. रेणूरेणूंतील ज्या ओढीने औषध विरघळते, तशाच ओढी इथे उताऱ्याच्या कामी येतात. मात्र विषाचे आम्ल होण्याआधी उतारा मिळाला, तरच त्याचा खरा उपयोग. लघवी थांबल्यावर डायलिसिसचाच आधार उरतो.

म्हणून खरा बचाव कारखान्याच्या दारात आहे. द्रावकाचा प्रत्येक ड्रम वापरण्यापूर्वी तपासायला हवा; पुरवठादाराच्या कागदावर विसंबणे पुरेसे नाही. छिंदवाड्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना याचीच आठवण करून दिली. काही उत्पादक प्रत्येक खेप तपासत नसल्याचे पाहणीत दिसले होते. म्हणजे नियम होता, अंमल नव्हता. अंमल हवा तर औषध निरीक्षकांची पुरेशी संख्या, सुसज्ज प्रयोगशाळा आणि वेळेत येणारे अहवाल लागतात. दरवेळी मुले दगावल्यावरच धाडी पडत असतील, तर ती तपासणी नव्हे, पंचनामा ठरतो.

पालकांच्या हातातही काही आहे. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, अशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना आहे. बहुतेक मुलांची सर्दी काही दिवसांत आपोआप बरी होते. सिरप घेतल्यानंतर मुलाला उलट्या होऊ लागल्या, ते मलूल झाले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि औषधाची बाटली सोबत न्यावी. त्या बाटलीतल्या उरलेल्या थेंबांवरून दुसऱ्या घरातले मूल वाचू शकते.