२.३ गिगाहर्ट्झ म्हणजे नेमके किती?

जेद्दाच्या उत्तरेला, तांबड्या समुद्राच्या काठी थुवाल इथल्या किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात २०१५ साली ‘शाहीन-२’ हा महासंगणक आला आणि जगाच्या टॉप-५०० यादीत थेट सातवा ठरला. १,९६,६०८ कोअर, प्रत्येकी २.३ गिगाहर्ट्झ, दर चक्राला १६ क्रिया. गुणाकार केला की ७.२ पेटाफ्लॉप्स. लिनपॅक चाचणीत हाती आले ५.५४. तफावतीला कारणे अनेक, पण त्यातले एक आपल्या रोजच्या कोडशी निगडित आहे. २.३ हा नुसता छापील वेग. यातला हॅसवेल झिऑन प्रोसेसर हलक्या कामात टर्बोने ३.६ पर्यंत उडी मारतो आणि रुंद व्हेक्टर सूचनांचा मारा सुरू झाला की २.३ च्याही खाली येऊ शकतो.

आधीचा ‘शाहीन’ (२००९, ब्लू जीन/पी) याबाबतीत सरळमार्गी. कायम ८५० मेगाहर्ट्झ. काउंटरच्या टिका मोजा, ८५ कोटींनी भागा, सेकंद तयार. ती सवय एक्स८६ वर आणली की घोटाळा होतो. टीएससी हा काउंटर वाचणारी आरडीटीएससी सूचना पेंटियमपासून आहे, पण आजच्या चिपमध्ये तो काउंटर कोअरच्या वेगाने धावतच नाही, एकाच ठरावीक गतीने टिकटिकतो. तरीही आमच्याकडे येणाऱ्या कित्येक लेखांतले कोड ‘सीपीयूइन्फो’तला त्या क्षणीचा मेगाहर्ट्झ आकडा उचलते आणि टिकांना त्याने भागते. २.३ च्या चिपवर नेमका तेव्हा ३.६ दिसला, तर एक सेकंदाचे काम ०.६४ सेकंदात ‘आटोपते’. लेखक खूश!

प्रोसेसरच्या वेगावर असे विसंबणे नवे नाही. जुन्या मंडळींना टर्बो पास्कलचा ‘रनटाइम एरर २००’ आठवत असेल. ‘डिले’साठी सुरुवातीलाच ५५ मिलिसेकंदांत किती फेरे होतात ते मोजायचे, ५५ ने भागायचे, प्रोसेसर वेगवान झाले, भागाकार १६ बिटांत मावेना, आणि प्रोग्राम पहिल्या ओळीआधीच आडवा.

वेळ हवी असेल तर क्लॉक-मोनोटॉनिक हे घड्याळ वापरा. टीएससीच हवा असेल, तर त्याची गती त्याच घड्याळाशी ताडून काढा. मधले अंतर दशांश सेकंद तरी ठेवा, आणि वाचनाआधी एलफेन्स सूचना घाला, नाहीतर सूचना मागेपुढे सरकतात. कोअरचा खरा वेग हा निराळा प्रश्न; त्यासाठी एपर्फ आणि एमपर्फ या काउंटरांचे गुणोत्तर आहे.

पुढील अंकापासून कालमापनाचे आकडे देणाऱ्या प्रत्येक लेखात काउंटर कोणता, त्याची गती कशी ठरवली आणि टर्बो चालू होता की बंद, हे लिहावे लागेल. त्याशिवाय तक्ते छापणार नाही.