गांडूळ, जास्वंद आणि मी

बायसेक्शुअल माणसाला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोश उघडलात तर 'उभयलिंगी' मिळेल. हाच शब्द शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात गांडुळाला लावलेला असतो. जास्वंदीच्या फुलालाही लावतात. अर्थ असा, की एकाच देहात नर आणि मादी दोघांचीही इंद्रियं असणं. माझ्या देहात तसलं काही नाही. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटत चाललेला, सर्वसाधारण पुरुषाचा देह आहे. फक्त आयुष्यात प्रेमात पडलो ते बायकांच्याही आणि पुरुषांच्याही. एवढ्यासाठी आपल्या मायमराठीकडे काय आहे, तर गांडुळाचा शब्द! हल्ली काही जण 'उभयलैंगिक' लिहितात, तो जरा बरा. नुसतं 'बाय' म्हणावं तर आमच्या कोकणातल्या आत्यांना ती शेजारच्या वाडीतली कुणी बाय वाटते. असो. मी सरळ बायसेक्शुअलच लिहिणार आहे.

शब्दाचं हसण्यावारी नेता येतं. पण त्याच्या मागोमाग जी हळहळ येते ना, ती मला सहन होत नाही. "बायसेक्शुअल पुरुषांपुढे कुणी रोल मॉडेलच नाहीत हो, बिचारे!" हे वाक्य मी गे मित्रांकडून ऐकलंय, समुपदेशकांकडून ऐकलंय, पुरोगामी लेखांमधून वाचलंय. साफ खोटं आहे ते. रोल मॉडेल होते आणि आहेत. आमच्या हातातून ते काढून घेतले जातात, आणि काढून घेणारे बऱ्याचदा हे हळहळणारेच असतात.

फ्रेडी मर्क्युरीचंच घ्या. मूळचा फारुख बलसारा, पारशी, १९४६ साली झांजिबारमध्ये जन्मलेला, आणि शाळेत कुठे, तर आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. तिथेच पोरांना जमवून त्यानं 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. म्हणजे तसा आपल्या सातारा जिल्ह्यातलाच की! पुढे लंडनमध्ये तो मेरी ऑस्टिन नावाच्या मुलीबरोबर काही वर्षं राहिला. ते नातं मोडलं तरी माणूस तुटला नाही. १९९१ साली एड्सनं गेला तेव्हा आपलं गार्डन लॉज हे घर त्यानं तिच्याच नावे ठेवलं होतं. शेवटच्या वर्षांत त्याच्याजवळ होता तो जिम हटन, म्हणजे पुरुष. आता २०१८ साली आलेला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आठवा. त्यात फ्रेडी मेरीला सांगतो की मला वाटतं मी बायसेक्शुअल आहे. ती तिथल्या तिथे त्याला सांगते की नाही, तू गे आहेस. मेरीनं पुढे मुलाखतींमध्ये जे सांगितलं तेही साधारण असंच.

मेरीचं मी समजू शकतो. समोरचा माणूस आपल्याला सोडून चाललाय हे तिला कळत होतं, आणि त्या क्षणी शब्दांची चर्चा करण्याची ताकद कुणात असते? पण सिनेमाचं काय? थिएटरमध्ये बसलेल्या लोकांना तर कुणी सोडून जात नव्हतं. त्या एका वाक्यानंतर सिनेमाचा निकाल लागतो, फ्रेडीचा शब्द खोडला जातो आणि पुढची सगळी गोष्ट खोडलेल्या पाटीवर लिहिली जाते. फ्रेडी आतून काय होता हा माझा वादच नाही. एका माणसानं आयुष्यातल्या सगळ्यात अवघड क्षणी स्वतःसाठी एक शब्द निवडला, आणि कोट्यवधी लोकांनी तो खोडलेला पाहून "बरोबर आहे तिचं" म्हणत पॉपकॉर्न खाल्लं, हे माझं दुखणं.

डेव्हिड बोवीनं तर हे काम स्वतःच करून दिलं. १९७६ साली मुलाखतीत बायसेक्शुअल आहे म्हणाला, आणि १९८३ साली म्हणाला की ते बोलणं ही सगळ्यात मोठी चूक होती. ज्यांनी पहिली मुलाखत कापून वहीत चिकटवली असेल त्या पोरांचं काय झालं असेल, कोण जाणे.

नियम साधा आहे. पुरुषाबरोबर बाई दिसली की तो स्ट्रेट, पुरुष दिसला की गे. आणि दोघंही दिसले तर? तर खोटारडा. मी वाढवून सांगत नाहीये. जुलै २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं जवळजवळ हेच मथळ्यात छापलं होतं: स्ट्रेट, गे की खोटं बोलतोय? निमित्त होतं अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं. १०१ पुरुष घेतले, त्यातले ३३ स्वतःला बायसेक्शुअल म्हणवणारे, अंगाला यंत्र लावून चित्रफिती दाखवल्या, आणि निष्कर्ष काढला की दोन्हीकडे सारखं उद्दीपन होणारा पुरुष काही सापडत नाही. ही बातमी जगभर फिरली. पुढे २०११ साली त्याच विद्यापीठात पुन्हा अभ्यास झाला. या वेळी ज्यांची स्त्री आणि पुरुष दोघांशीही खरोखर नाती झालेली आहेत असे पुरुष निवडले, आणि काय आश्चर्य, सापडले! २०२० साली पाचशेच्या आसपास पुरुषांची माहिती एकत्र करून आणखी एक शोधनिबंध आला, की हो, पुरुषांमध्ये बायसेक्शुअल असतात. आधीचे जे मुख्य प्राध्यापक होते त्यांचंही नाव त्यावर आहे. ही दुसरी बातमी तुमच्यापैकी किती जणांपर्यंत पोचली? आणि मुळात माझं प्रेम खरं की खोटं हे ठरवायला माझ्या अंगाला वायर कशाला लावावी लागते? स्ट्रेट माणसाला कुणी म्हणतं का, की आधी यंत्रावर सिद्ध कर आणि मग पत्रिका छाप?

गे मित्रांचा एक लाडका युक्तिवाद आहे. बाय हे स्टेशन आहे, म्हणे. आधी माणूस बाय म्हणतो, मग हिंमत आली की गे म्हणतो. काही जणांच्या बाबतीत हे खरंही आहे. शिवाजीनगरला उतरून पुढची गाडी पकडणारे लोक असतातच. म्हणून शिवाजीनगरात कुणी राहतच नाही असं म्हणायचं का?

आपल्या देशातला माणूस हवा असेल तर विक्रम सेठ आहे की. १९८६ सालची 'गोल्डन गेट' ही त्याची पद्यातली कादंबरी. तिच्यात फिल नावाचा माणूस आहे. घटस्फोटित, एका मुलाचा बाप. तो एडच्या प्रेमात पडतो, ते नातं एडच्या धार्मिक घालमेलीपायी टिकत नाही, आणि पुढे तो एडच्याच बहिणीशी, लिझशी लग्न करतो. फिल ना लबाड आहे, ना रोगट, ना गोंधळलेला. चांगला बाप आहे, चांगला मित्र आहे. सेठच्या आईनं, म्हणजे न्यायमूर्ती लीला सेठ यांनी २००३ साली आपल्या आत्मचरित्रात मुलाचं बायसेक्शुअल असणं स्वच्छ लिहिलं. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदी बसलेली या देशातली पहिली बाई, आणि ती आपल्या मुलाबद्दल छापील पुस्तकात हे लिहिते! डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलम परत जिवंत केलं तेव्हा सेठ 'मी गुन्हेगार नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी हातात धरून 'इंडिया टुडे'च्या मुखपृष्ठावर आला. आता तुमच्या ओळखीच्या चार वाचणाऱ्या माणसांना विचारा, विक्रम सेठ कोण? "तो गे लेखक ना?" माय-लेकांनी मिळून लिहिलेला शब्द आपण असा पुसून टाकला.

आणि मराठीत? मराठीत 'कोबाल्ट ब्लू' आहे. सचिन कुंडलकरची २००६ सालची कादंबरी, पुढे जेरी पिंटोनं इंग्रजीत नेली, २०२२ साली सिनेमाही आला. मला ती मनापासून आवडते हे आधीच सांगतो. घरात एक पेइंग गेस्ट येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि बहीण अनुजाही. तोही दोघांच्या जवळ जातो, आणि एक दिवस निघून जातो. भाऊ आणि बहीण दोघांनाही आपापलं दुःख सांगायला अर्धी अर्धी कादंबरी मिळते. त्याला काय मिळतं? साधं नावही मिळत नाही. ती कादंबरीची गरज आहे हे मला कळतं, कारण गोष्ट मागे राहिलेल्यांची आहे. पण फिलशी ताडून बघा. तिथेही भाऊ, बहीण आणि दोघांना आवडलेला एक पुरुष. तिथे त्या पुरुषाला नाव आहे, पोर आहे, घर आहे. आपल्याकडे तो आला आणि गेला. मराठी कादंबरीत मला माझ्यासारखा जो पुरुष भेटला, तो भाडेकरू. त्याच्यावर गप्पा झाल्या त्याही "त्यानं दोघांना फसवलं का?" एवढ्याच. तो कोण होता, त्याचं काय झालं, हे विचारताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

आता हमखास येणारा प्रश्न. "अरे पण तुला बायको आहे, मुलगी आहे, सुखात आहेस. मग सांगायचंच कशाला? बेडरूमच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?"

मी बेडरूमचं काहीच सांगत नाहीये. कॉलेजातल्या मित्रांच्या गप्पांत प्रत्येक जण आपापल्या पहिल्या प्रेमाचं सांगतो, तेवढंच मलाही सांगायचंय. आणि इथे मराठी फार कडक आहे बरं का. इंग्रजीत 'समवन' म्हणून वेळ मारून नेता येते. मराठीत क्रियापद चुगली करतं. 'पावसात भिजत आली होती' की 'आला होता'? आदरार्थी बहुवचनातही सुटका नाही, तिथेही 'आले' आणि 'आल्या' आहेतच. म्हणजे मी एक तर खरं बोलायचं, किंवा माझ्या पहिल्या प्रेमाचं लिंग बदलायचं, किंवा गप्प बसायचं. बहुतेक जण गप्प बसतात. अमेरिकेत प्यू संस्थेनं २०१३ साली विचारलं होतं, की तुमच्या जवळच्या माणसांपैकी बहुतेकांना तुमच्याबद्दल ठाऊक आहे का? गे पुरुषांपैकी ७७ टक्के हो म्हणाले. बायसेक्शुअल पुरुषांपैकी १२ टक्के. ही अमेरिकेची गोष्ट, जिथे कांदेपोहे नाहीत!

कांदेपोहे आले की खरी गंमत सुरू होते. गे मुलानं घरी सांगितलं तर आकाश कोसळतं. आम्ही सांगितलं तर आईबापांना आमचं अर्धंच ऐकू येतं. "मुलीही आवडतात ना? मग झालं तर!" ६ सप्टेंबर २०१८ ला कायदा आमच्या अंगावरून उठला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं लग्नाचं दार काही उघडलं नाही. मग दोन दारांपैकी जे उघडं आहे त्यातून पोराला ढकलायचं, आणि दुसऱ्या दाराचा उल्लेखही करायचा नाही. मुलीकडच्यांना तर मुळीच सांगायचं नाही.

इथे बायकांची बाजू न मांडता पुढे जाणं नालायकपणा होईल. न सांगता लग्न करणं ही फसवणूक आहे. गे माणसानं केली तरी, बायसेक्शुअल माणसानं केली तरी. "मला दोन्ही आवडतं" हा काही बाहेर भानगडी करण्याचा परवाना नव्हे, आणि तसा तो वापरणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. एड्सच्या साहित्यात बायसेक्शुअल पुरुषाला 'पूल' म्हणत, म्हणजे रोग ज्याच्यावरून चालत बायकोपर्यंत पोचतो तो. मोजणी झाली ती अशी. पण लपून राहणाऱ्याचाच पूल होतो, हो. जो लग्नाआधी समोरासमोर बसून सांगतो त्याच्यावर असली वेळ येण्याची शक्यता फार कमी.

मी सांगितलं होतं. तिनं तीन प्रश्न विचारले. काही आजार आहे का, आत्ता कुणी आहे का, आणि पुढे मला फसवशील का. पहिल्या दोन्हींना नाही म्हणालो. तिसऱ्याला कुठल्याही मुलानं जे उत्तर द्यावं तेच दिलं. तिनं आठवडाभरानं होकार कळवला. (हा लेख तिनं वाचलाय. 'पोट सुटत चाललेला' हा शब्दप्रयोग सौम्य आहे असं तिचं मत आहे.) त्या आठवड्यात मला फ्रेडी मर्क्युरीचा काडीचा उपयोग नव्हता. असं बोलणं करून आलेला एक, फक्त एक, साधा नोकरदार माणूस ओळखीचा हवा होता.

मागच्या महिन्यात एका मित्राच्या ओळखीनं लातूरकडच्या एका मुलाचा फोन आला. सव्वीस वर्षांचा. रविवारी मुलगी बघायला जायचं होतं, पुढे दोघांना गच्चीवर बोलायला सोडणार होते. सांगायचं हे त्याचं ठरलेलं होतं. विचारायचं होतं ते एवढंच, की चहा व्हायच्या आधी सांगू की नंतर? म्हटलं, चहा घेऊनच वर जा. हातात कपबशी असली की हात थरथरत नाहीत, निदान सांडायच्या भीतीनं तरी.