वाफा आखण्याआधी वही आखा

"नोकरीचं काही खरं नाही. गावाकडे अर्धा एकर पडून आहे, तिथं भाजीपाला लावू." हे वाक्य अलीकडे आपल्या घरांतून वारंवार ऐकू येते. बोलणारा कधी डी.एड. होऊन घरी बसलेला तरुण असतो, कधी आखातातून परतलेला मामा, कधी गॅरेज बंद पडलेला भाऊ. विचार चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूनेच लिहिते आहे. आपल्यातल्या बागवान बिरादरीच्या तर नावातच बाग आहे. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बागवान घरांचा संबंध तराजूशी उरला आहे, मातीशी नाही. तो पुन्हा जुळत असेल तर आनंदच आहे.

मात्र अर्ध्या एकरात, म्हणजे वीस गुंठ्यांत, घर चालवायचे तर बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी वही-पेन घेऊन बसावे लागते. पहिला प्रश्न पाण्याचा. विहिरीला सप्टेंबरात किती पाणी आहे ते पाहून बेत आखू नये, एप्रिल-मेमध्ये किती उरते ते पाहावे. उन्हाळ्यात पाच गुंठेच भिजणार असतील तर उन्हाळ्याची शेती पाच गुंठ्यांचीच.

दुसरा प्रश्न पिकांचा. भाव चढला म्हणून वीसच्या वीस गुंठे टोमॅटो लावणे हा जुगार आहे. लहान शेताला मिसळ पिके मानवतात. मेथी-पालक महिन्याभरात काढणीला येतात, कोथिंबीर सव्वा-दीड महिन्यात. ती एकदम न पेरता दर आठवड्याला एकेक वाफा पेरावा, म्हणजे दर बाजाराला चार पैसे हाती येतात. भेंडी पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत सुरू होते आणि मग दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. वांगी काही महिने चालतात. दोडका-कारल्याला मांडव हवा, म्हणजे आधी भांडवल हवे. बांधावर शेवगा आणि कढीपत्ता.

तिसरा प्रश्न विक्रीचा. 2016 साली महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. माल आडत्याकडेच नेला पाहिजे असे आता नाही. आठवडी बाजारात किंवा मोहल्ल्यात थेट विकता येतो. आपल्या वस्त्यांत एक हमखास गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे रमजान. कोथिंबीर, पुदिना, काकडी, लिंबू यांची मागणी त्या महिन्यात वाढते. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा सुरू होईल. म्हणून चाँद दिसण्याच्या तारखेपासून दिवस उलटे मोजून पेरणी ठरवावी. शाळेतल्या मुलांना वजाबाकी शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

इथपर्यंतचा बेत बहुतेक घरांत होतो. होत नाही तो पुढचा, आणि घरची शेती मोडते ती तिथेच. जमीन कोणाच्या नावावर आहे? भेंडी कोण तोडणार? पैसा कोणाच्या हातात जाणार?

भेंडी कोण तोडते, ते मला माहीत आहे. पहाटे उठून, बाहीला कापड गुंडाळून, अंगाची खाज सोसत तोडतात त्या घरच्या बायका आणि शाळेत जायच्या आधी मुली. वर्गात पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुली मी पाहते. बाहेरच्या मजूर बाईला रोज द्यावा लागतो, तो खर्चात लिहिला जातो. घरच्या बाईचे काम लिहिले जात नाही, म्हणून शेती फायद्यात दिसते. हा फायदा नाही, तिची न दिलेली मजुरी आहे.

जमिनीचेही तसेच. वडील वारले की वारस नोंदीत मुलींची नावे लागतात आणि काही दिवसांत त्यांना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. "फुफूनं खुशीनं सोडलं," असे घरात सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही खुशीची कशी? सूरह निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट सांगितला आहे, मुलाच्या वाट्याच्या निम्मा. तो भावाची मेहेरबानी नाही. शरीयतसाठी आपण मोर्चे काढतो, पण 1937 च्या शरीयत कायद्याच्या दुसऱ्या कलमातच शेतजमीन वगळलेली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? कायद्याने सोडले म्हणून ईमानदाराने सोडावे काय?

काही भाऊ म्हणतात, वाटे केले तर तुकडे पडतील. ही अडचण खरी आहे. 1947 चा तुकडेबंदी कायदा आहेच, आणि पाच-सात गुंठ्यांच्या तुकड्यावर विहीरही परवडत नाही. पण हिस्सा देणे आणि जमीन कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात-बारावर बहिणीचे नाव राहू द्या, शेत एकत्र कसा आणि तिच्या वाट्याचा खंड दरवर्षी तिला पोहोचवा. शेत अखंड राहते आणि हक्कही.

दुसरा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. "घरातल्या घरात कसला हिशेब? लिहायला लागलं की बरकत जाते." कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिल्याने बरकत जात असती तर ती आयत आलीच नसती. शिवाय हिशेबाशिवाय उश्र तरी कसा काढणार? पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, विहीर-मोटारीच्या पाण्यावर पिकले तर विसावा. इमाम अबू हनीफांच्या मते तो भाजीपाल्यावरही आहे. कोकणातले आपले शाफई बांधव तो साठवता येणाऱ्या धान्यावर मानतात, भाजीवर नाही. आपापल्या आलिमांना जरूर विचारा. पण विसावा हिस्सा काढायला आधी वीस हिस्से मोजलेले हवेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मृगाच्या आधी घरातले सगळे एकत्र बसा. बायका चहा करून आत जाणार नाहीत, त्याही बसतील. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला फोन लावा. वहीत चार गोष्टी लिहा: जमिनीत कोणाचा किती वाटा, कोण किती तास काम करणार आणि त्याचा रोज किती, विक्रीचा पैसा कोण ठेवणार, आणि मुलींच्या शाळेच्या वेळेत त्यांना शेतात बोलावायचे नाही. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना वाचून दाखवा, मग अंगठा घ्या.

मेथीचे बियाणे त्यानंतर आणा. ते कुठे पळून जात नाही.