सातबाऱ्यावरचे नाव

लेड झेपलिनचा गिटारवादक, गीतकार आणि निर्माता जिमी पेज याच्या उसनवारीचा विषय निघाला की आपले जाणकार ‘ब्लूज ही मौखिक परंपरा, तिथे मालकी कसली?’ असे म्हणून मोकळे होतात. हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे.

ब्लूजमध्ये ओळी आणि चाली हातोहात फिरत, हे खरेच. पण ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गाणे जेक होम्सने १९६७ साली स्वतःच्या अल्बमवर गायिले होते. १९६९ साली लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर रचनाकार म्हणून एकट्या पेजचे नाव आले. त्याच वर्षीच्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये विली डिक्सनचे शब्द होते, श्रेयनामावलीत डिक्सन नव्हता. त्याला १९८५ साली न्यायालयात जावे लागले, होम्सला २०१० साली. दोन्ही दावे तडजोडीने मिटले, मग नावे छापली गेली. गायरान साऱ्या गावाचे असेल, तर सातबाऱ्यावर एकाच घराचे नाव कसे चढते?

प्रत्येक आरोप खरा असतो असे नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या खटल्यात २०१६ साली ज्यूरीने दिलेला निर्दोषत्वाचा कौल २०२० साली अपिलातही टिकला. पेजची प्रतिभाही वादातीत आहे. होम्सच्या गाण्याला त्याने गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवून निराळेच रूप दिले. म्हणूनच मूळ नाव छापल्याने त्याचे काही उणे झाले नसते.

वर्गात आपण आंतरसंहितता शिकवतो. श्रेयनामावली हीही एक संहिताच आहे. तीही वाचायला शिकवू या.